टिकलीएवढी कातडी

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या गावातल्या सरकारी रुग्णालयात जळीत वॉर्डबाहेरच्या बाकावर मी बसले होते. आमच्या मंडळातल्या आम्ही तिघी-चौघी आळीपाळीने तिथे जातो. काम फार मोठं नसतं. जबाब नीट घेतला गेला का, माहेरचं माणूस आलंय का, बाईजवळ रात्री कोण झोपतं, डबा येतो का, एवढंच बघायचं. बाकी डॉक्टर-सिस्टर करतातच.

त्या दिवशी आत एक चोवीस वर्षांची सून होती. अंगणात चुलीवर कुरडयांचा चीक हटवताना मागून गाऊनने पेट घेतला. नायलॉनचा गाऊन. पाठ, उजवा हात आणि मांडीचा मागचा भाग मिळून पस्तीस टक्के भाजली होती. (अपघातच होता. असल्या ठिकाणी मी हा प्रश्न एकटीला गाठून, वेगवेगळ्या वेळी, तीनदा विचारते. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, तेव्हा विश्वास ठेवला.) आत ड्रेसिंग चालू होतं. ड्रेसिंगच्या वेळचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. तिची आई माझ्या शेजारी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. आवाज थांबला तशी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आता म्हनं मानसाची कातडी कारखान्यात तयार करत्यात. टीव्हीत दाखिवलं. माझ्या लेकीला मिळंल का वो?"

मी आर्ट्सची पदवीधर. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. तिला "विचारून सांगते" म्हटलं आणि घरी आले. मग मात्र डोक्यातून जाईना. लेकीकडून माहिती काढून घेतली, ओळखीच्या दोन डॉक्टरांना भंडावलं, आणि जे कळलं ते ऐकून थक्क झाले. मैत्रिणींनो, त्या आईला टीव्हीत दिसलं ते खोटं नव्हतं. माणसाची कातडी खरंच प्रयोगशाळेत वाढवतात. गेली चाळीसहून अधिक वर्षं.

समजायला सगळ्यात सोपी वाट आपल्या स्वयंपाकघरातूनच जाते. दही लावताना आपण काय करतो? कोमट दूध, चमचाभर विरजण, ऊबदार जागा, आणि रात्रभर हात लावायचा नाही. कातडीचंही तसंच. विरजण म्हणजे त्याच माणसाच्या अंगावरचा चांगल्या कातडीचा लहानसा तुकडा. दूध म्हणजे एक गुलाबी पाणी, ज्याला 'कल्चर मीडियम' म्हणतात. त्यात क्षार, साखर, प्रथिनांचे घटक, जीवनसत्त्वं असं सगळं मोजून घातलेलं. ऊब ३७ अंश सेल्सियसची, म्हणजे आपल्या अंगाचीच. पाण्याचा गुलाबी रंगही शोभेसाठी नाही. पेशी खाऊन-पिऊन आपला कचरा बाहेर टाकतात, तसं ते पाणी आंबट होत जातं आणि रंग पिवळट होतो. पिवळा दिसला की ओळखायचं, बदलायची वेळ झाली. बाळाच्या लंगोटासारखंच की! दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, सणवार, सुट्टी काही नाही.

पण दही लावण्याइतकं हे सोपं असतं, तर इतकी वर्षं कशाला लागली असती? आपल्या कातडीचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो. त्याच्या अगदी तळाशी ज्या पेशी असतात त्या सतत नव्या पेशी तयार करून वर ढकलत राहतात. महिन्याभरात जुना थर झडतो, नवा येतो. अंग घासताना निघतो तो मळ, त्यातला बराचसा भाग ही झडलेली कातडीच. अंगावर असताना या पेशींना कुणी शिकवावं लागत नाही. बाहेर काढून बशीत ठेवल्या की मात्र त्या हिरमुसतात. शिवाय कातडीच्या खालच्या थरातल्या दुसऱ्या चिवट पेशी बशीत भराभर पसरतात आणि या नाजूक पेशींना जागाच उरू देत नाहीत. शेतात तण माजावं तसं.

ही कोंडी फुटली ती १९७५ साली, अमेरिकेत. हॉवर्ड ग्रीन हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी ती फोडली, आणि गंमत म्हणजे ते कातडीच्या शोधात नव्हतेच. उंदरांच्या एका गाठीवर त्यांचं काम चाललं होतं. त्या बशीत त्यांना कातडीसारख्या पेशींचे पुंजके वाढताना दिसले. दुसरा कुणी असता तर बशी धुवून टाकली असती. यांनी मान वाकवून पाहिलं, की या इथे कशा काय जगल्या? उत्तर होतं शेजारणींमुळे. बशीत उंदराच्या दुसऱ्या पेशींचा थर होता. मग त्यांनी तोच थर मुद्दाम वापरला. आधी त्या उंदराच्या पेशींवर किरणांचा मारा करायचा, म्हणजे त्या जिवंत राहतात पण वाढत नाहीत. त्यांच्यावर माणसाच्या कातडीच्या पेशी पेरायच्या. त्या तण येऊ देत नाहीत, आणि आपल्या पेशींना हवं-नको ते पुरवतात. इंग्रजीत त्यांना भरवणाऱ्या पेशी म्हणतात. मी मनात त्यांना दाईच म्हणते. दुसऱ्याचं मूल वाढवायचं आणि आपलं काम झालं की बाजूला व्हायचं!

पुढे त्या गुलाबी पाण्यात एकेक भर पडत गेली. सगळ्यात नवल वाटलं ते १९७८ च्या शोधाचं. पटकीच्या जंतूचं विष अगदी कणभर घातलं तर या पेशी जोमाने वाढतात, असं ग्रीन यांना आढळलं. पटकी! आमच्या आजेसासूबाईंच्या तोंडी हे नाव आलं तरी त्या कानाला हात लावायच्या, एकेका घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं एका आठवड्यात गेलेली त्यांनी पाहिली होती. त्याच विषाने कातडी वाढते. त्या पाण्यात वासराच्या रक्तातला पाणीदार भागही घालतात हे मी वाचून दाखवलं तेव्हा माझ्या सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोर वाचतंय ना? मग देव बघेल त्याचं." चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

हे सगळं बशीत छान चाललं, पण माणसाच्या अंगावर? १९८० च्या सुमारास बॉस्टनमध्ये भाजलेल्या माणसांवर लहान लहान तुकडे लावून पाहिले आणि ते धरले. खरी परीक्षा झाली १९८३ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेतल्याच वायोमिंग राज्यातले दोन सख्खे भाऊ, एक पाच वर्षांचा, एक सहा वर्षांचा. खेळताना अंगाला रंग लागला, तो काढायला रंग पातळ करायचं द्रव घेतलं, आणि त्याने पेट घेतला. दोघंही पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त भाजले. आपल्याकडे वॉर्डात एवढा आकडा कानावर आला की सिस्टर नातेवाइकांकडे नुसतं बघते, बोलत नाही. तिथेही तोवर तसंच होतं. कारण भाजलेल्या माणसाला त्याची स्वतःचीच कातडी कायमची लागते, आणि इथे घ्यायची कुठून? अंगावर शिल्लकच नव्हती.

काखेत थोडी उरली होती. डॉक्टरांनी तिथून सुमारे दोन चौरस सेंटिमीटर तुकडा काढला. दोन चौरस सेंटिमीटर म्हणजे केवढा? मी पट्टी घेऊन मोजून पाहिलं. माझी रोजची मोठी टिकली आहे ना, तेवढा.

त्या टिकलीएवढ्या तुकड्यापासून ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत बशांमागून बशा भरल्या गेल्या. साधारण तीन-चार आठवड्यांत अशा तुकड्याची हजारो पट कातडी होऊ शकते. तयार झालेला थर कसा असतो? कांद्याचा पापुद्रा आठवा. बशीपासून तो हलक्या हाताने सोडवायचा, व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडावर घ्यायचा आणि जखमेवर पालथा घालायचा. डॉक्टर ग्रेगरी गॅलिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कित्येक तुकडे गोधडीसारखे जोडत त्या मुलांची अंगं झाकली. दोघांच्याही शरीराचा जवळपास निम्मा भाग या बशीतल्या कातडीने झाकला गेला. दोघंही वाचले. १९८४ साली हे सारं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तेव्हा जगभरच्या जळीत वॉर्डांनी ते वाचलं.

मला त्या आईची आठवण झाली. त्या मुलांचीही कुणीतरी आई असेलच की. तीन-चार आठवडे बशीत कातडी वाढेपर्यंत ती बाकावर कशी बसली असेल?

आणि हेच या कातडीचं पहिलं दुखणं. वेळ. भाजलेल्या माणसाजवळ तीन आठवडे नसतात. जंतू वाट बघत नाहीत. दुसरं, ही कातडी फक्त वरचा थर आहे. खालचा जाड, चिवट थर तिच्यात नाही, म्हणून ती लवकर फुटते, फोड येतात, आणि जखमेत जंतू असतील तर धरतच नाही. तिच्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत. ज्याचं निम्मं अंग असं झाकलंय त्याला वैशाखातलं ऊन काय वाटत असेल, कल्पना करा. तिसरं, खर्च. अमेरिकेत २००७ साली या पद्धतीच्या कातडीला सरकारी परवानगी मिळाली ती फार मोठ्या, खोल जळितांपुरती, आणि तो खर्च तुमच्या-आमच्या घराला झेपणारा नाही.

वेळेचं हे दुखणं मनावर घेतलं एका बाईने. फिओना वूड तिचं नाव. इंग्लंडमधल्या कोळसा-खाणीच्या भागातली, खाणकामगाराच्या घरातली मुलगी. सर्जन झाली, १९८७ साली नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेली, आणि सहा मुलांना वाढवत पश्चिम ऑस्ट्रेलियातली पहिली महिला प्लास्टिक सर्जन झाली. (सहा मुलं आणि सर्जरी! मला दोन मुलं आणि मंडळाचा हिशेब जमता जमत नाही.) १९९२ मध्ये तिच्याकडे पेट्रोलने नव्वद टक्के भाजलेला एक शाळामास्तर आला. त्याच्यावर तिने बशीतली कातडी वापरली. तो वाचला, पण तिच्या डोक्यात बसलं ते हे, की एकवीस दिवस फार झाले. मारी स्टोनर या शास्त्रज्ञ मैत्रिणीला घेऊन तिने प्रयोग सुरू केले. अखंड पापुद्रा तयार होईपर्यंत थांबायचंच कशाला? पेशी पुरेशा वाढल्या की त्या द्रवात सुट्या करायच्या आणि जखमेवर चक्क फवारायच्या. पुढचं काम त्यांचं त्या अंगावरच करतील. एकवीस दिवसांचे पाच दिवस झाले.

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये बालीत बॉम्बस्फोट झाले तेव्हा भाजलेले अठ्ठावीस जण पर्थच्या रुग्णालयात आणले गेले. फिओना आणि तिचे सहकारी दिवसरात्र उभे होते. त्यातले पंचवीस वाचले. २००५ साली तिला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा मान मिळाला. तिच्या पद्धतीचं पुढचं रूप असं आहे की प्रयोगशाळाही लागत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारीच छोट्या तुकड्यातून पेशी सुट्या करतात आणि तुकड्याच्या ऐंशी पट जागेवर फवारतात. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सगळ्या डॉक्टरांना तिची प्रत्येक गोष्ट पटते असं नाही, फवाऱ्याचा फायदा नेमका किती यावर वाद झालेच. पण घाई कशाची आहे हे तिला कळलं होतं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

अजून एका मुलाचं सांगायचं राहिलं. हा भाजलेला नव्हता. सीरियातून जीव मुठीत घेऊन जर्मनीत आलेल्या कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा. जन्मजात दोष असा, की कातडीचे वरचा आणि खालचा थर एकमेकांना धरतच नाहीत. नुसतं घासलं तरी फोड. २०१५ साली तो बोखुमच्या रुग्णालयात आला तेव्हा अंगावरची बरीचशी कातडी गेलेली होती. त्याच्या जांघेतून चार चौरस सेंटिमीटर तुकडा घेतला गेला, इटलीतल्या मोडेना इथले शास्त्रज्ञ मिकेले दे लुका यांनी त्या पेशींतला बिघडलेला जनुक दुरुस्त केला, ती दुरुस्त कातडी वाढवली, आणि मग ती त्याच्या अंगावर चढवली गेली. अंगाचा ऐंशी टक्के भाग! २०१७ मध्ये हे जगापुढे आलं तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता, फुटबॉल खेळत होता. पडला, खरचटलं तर इतर मुलांसारखं बरंही होत होतं.

आणि आपल्या ड्रेसिंग टेबलापर्यंतही ही कातडी आलेली आहे बरं का. क्रीम, शाम्पू कातडीला झोंबतात का हे पूर्वी सशांच्या पाठीवर लावून बघत. आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीच्या इवल्या चकत्यांवर बघतात. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे.

एवढं सगळं वहीत उतरवून मी परत वॉर्डात गेले. डॉक्टरांना म्हटलं, या मुलीला असं काही? ते तरुण आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हिला त्याची गरजच नाही. हिच्या डाव्या मांडीवर चांगली कातडी आहे. पातळ साल काढून, यंत्राने जाळी पाडून ताणली की तिप्पट जागा झाकते. मला हिच्यासाठी आज हवंय ते वेगळंच. हिची जखम ऑपरेशनच्या लायकीची होईपर्यंत झाकून ठेवायला दान केलेली कातडी हवी होती. फोन केला, पेढीत शिल्लक नाही."

नेत्रदान मला माहीत होतं. त्वचादानाबद्दल मी, या वॉर्डात सहा वर्षं येणारी बाई, फक्त ऐकून होते. आपल्या देशातली पहिली त्वचापेढी मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली सुरू झाली. आता नवी मुंबईत ऐरोलीला, पुण्यात, नागपुरातही आहेत. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ इथून कातडीचा अगदी पातळ पापुद्रा काढतात. रक्त वाहत नाही, वर पट्टी बांधतात, कपडे घातल्यावर कळतही नाही. पाऊण तासाचं काम. अठरा वर्षांवरचं कोणीही देऊ शकतं, वयाची वरची मर्यादा नाही. कावीळ ब किंवा क, एचआयव्ही, कातडीचा कर्करोग असे आजार असतील तर चालत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरीनमध्ये, थंड ठेवून ती पाच वर्षांपर्यंत टिकते. ही कातडी अंगावर कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांत शरीर ती झिडकारतं. पण तेवढ्यात अंगातलं पाणी झिरपायचं थांबतं, जंतू आत शिरत नाहीत, आणि ड्रेसिंगच्या वेळचा तो आवाज कमी होतो.

त्या आईला मी खरं ते सांगितलं. "मावशी, ती कातडी असते, पण हिला ती नको, हिची हिलाच पुरेल." ती म्हणाली, "पुरंल न्हवं?" बस्स, एवढंच. दोन ऑपरेशनं झाली. बावन्न दिवसांनी मुलगी घरी गेली. तोवर रोजचं ड्रेसिंग दान केलेल्या कातडीवाचून झालं.

(जाता जाता, भाजल्याबरोबर नळाखाली वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही, बर्फही नाही. हिच्या पाठीवर कुणीतरी घाईने हळद-तेल फासलं होतं, ते काढतानाच सिस्टरचा अर्धा तास गेला.)

घरी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नेत्रदानाचा अर्ज मागेच भरलाय. हाताच्या कोपराजवळची सैल कातडी दोन बोटांत धरून म्हणाल्या, "ही असली सुरकुतलेली चालते का त्यांना?" चालते म्हटल्यावर अर्ज आणायला लावला. सगळ्यात जवळची पेढी आमच्यापासून गाडीने साडेतीन तासांवर. त्यांनी बोटांवर हिशेब केला. डॉक्टरांचा दाखला अर्धा तास, त्यांची माणसं निघायला अर्धा तास, वाट साडेतीन तास. "म्हणजे तुम्हाला रडायला दीड तास मिळतो. पुष्कळ झाला."

यजमानांनी सही केली. धाकटे दीर मात्र फोनवर चिडलेच. "आईची कातडी सोलायची म्हणता?" मी पापुद्रा, पट्टी, पाऊण तास सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं समाजकार्य बाहेर ठेवा." मला रागही आला आणि त्यांचं समजलंही. लहानपणी आईच्या कुशीत शिरताना ज्या कातडीचा वास घेतला तीच ना ही. पण अर्ज असो नसो, त्या वेळी घरातल्या एकानेही हात आडवा घातला तर कुणी पुढे येत नाही.

श्रावणात ती मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. लांब बाह्यांचा ब्लाऊज, हातात कुरडयांचा डबा. यंदा त्या आईने केलेल्या. सासूबाईंनी तिला जवळ बसवून बाही वर करायला सांगितली. जाळीची नक्षी हातभर उमटलेली. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "दुखतं?" "न्हाई आजी. घाम तेवढा येत न्हाई इथनं, मग लई गरम होतं."

दीर दिवाळीला येणार आहेत. अर्ज देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, त्यांच्या सहीची जागा सोडून. पेढीचा नंबर मी फ्रीजवर चिकटवलाय, आणि सासूबाईंनी तो पाठ केलाय.